बारदान्यावर उमटेल तीच रेघ : एका शेतकरी कंपनीच्या चिन्हांचं प्रकरण

जून २०२४ मध्ये, मृगाच्या पेरण्या चालू असताना, लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कृषी सेवा केंद्रात एक सभासद सोयाबीन बियाण्याची रिकामी पिशवी घडी घालून घेऊन आले. पिशवीवर हिरव्या गोलात एक पान आणि पानाच्या टोकाला थेंब छापलेला होता. ‘औषध लावलेलंय म्हणूनच हे छापलंय ना?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. काउंटरवरचा पोरगा ‘हाव’ म्हणाला. आतून मॅनेजर ओरडले, ‘अरे नाही! औषध लावूनच पेरा, असं आहे ते.’ तोवर दोन एकर पेरून झालं होतं.

गंमत अशी, की दोघांचंही बरोबर होतं. पिशवीवर ते चिन्ह ‘बीजप्रक्रिया करून पेरा’ म्हणून आलं होतं, आणि कंपनीच्याच माहितीपत्रकात तेच चिन्ह ‘बीजप्रक्रिया केलेलं बियाणं’ म्हणून. सोयाबीनला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि पीएसबीसारखी जिवाणू संवर्धकं लावायची, बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं, हा क्रम गावात सगळ्यांना पाठ असतो. पण कंपनीनं आधीच लावलंय असं वाटलं, की कोण कशाला हात घाण करेल? उलट बाजू जास्त वाईट. औषध लावलेलं उरलंसुरलं बी चुकून जनावरापुढं किंवा घरात गेलं, तर ती थेट विषबाधा.

त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला, उगवण बरी झाली, ते सभासद पुन्हा काही बोलायला आले नाहीत. चेअरमनना मात्र त्या पिशवीनं चैन पडू दिली नाही. त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. ‘ताई, सगळी चित्रं एका हातची करून द्या.’ मी लातुरात छपाईची कामं करते. लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत सगळं. इतक्या थोड्या शब्दांत इतकं मोठं काम मला याआधी कोणी सांगितलं नव्हतं.

फरशीवर मांडलेला पसारा

पहिले चार दिवस मी काहीच काढलं नाही. कंपनीनं आजवर छापलेलं सगळं मागवलं आणि ऑफिसच्या फरशीवर मांडलं. बियाण्याच्या पिशव्या, तूरडाळीचे पाऊच, करडई तेलाची लेबलं, काट्याच्या पावत्या, गोदामाचा फ्लेक्स, डायरी, व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या जाहिराती. चित्रं मोजली तर ६१ भरली. त्यांतून सांगायच्या गोष्टी मात्र २० च्या आसपासच.

थेंब सगळ्यात राबलेला. ठिबकच्या जाहिरातीत तो पाणी होता, पावतीवर धान्याचा ओलावा, लेबलवर करडईचं तेल आणि पिशवीवर बुरशीनाशक. चार अर्थ, एक थेंब. ‘शेतमाल’ म्हणून जी शेंग सगळीकडं होती, ती इंटरनेटवरच्या फुकट संग्रहातली वाटाण्याची शेंग होती. या कंपनीच्या सभासदांपैकी वाटाणा कोणीच लावत नाही. गोदामासाठी धुराडं असलेलं उतरत्या छपराचं घर होतं. बचतीसाठी डुक्कर, पाठीवर नाणं पडतंय असं. महिला गटातल्या एका मावशींनी ते बघून पदर तोंडाला लावला. तिथं मी मातीचा गल्ला काढला आणि विषय संपला.

वेगवेगळ्या शैलींची मला तेवढी फिकीर नव्हती. एक चित्र सावलीचं, एक नुसत्या रेघेचं, एक मोबाइलमधल्या बाहुल्यासारखं, हे डोळ्याला खुपतं, पण लोक सवयीनं चालवून घेतात. एका चिन्हाचे दोन अर्थ आणि एका अर्थाची तीन चिन्हं चालत नाहीत. चेअरमनच्या ‘एका हातची’ या शब्दाचा मी आधी ‘एका शैलीची’ असा अर्थ घेतला होता. फरशीवरचा पसारा बघून तो बदलला.

डाळीच्या पाऊचवर विषाची खूण

काउंटरवर एक गोष्ट दिसली, ती माझ्या कॉम्प्युटरवर कधीच दिसली नसती. कीटकनाशकाचा डबा आणि अर्धा किलो तूरडाळीचा पाऊच शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. दोन्हींत पिवळा रंग.

मोठ्या शहरातल्या एका एजन्सीनं आधी कंपनीला ‘ब्रँड’ करून दिला होता. त्यात प्रत्येक विभागाला शंकरपाळीसारखा चौकोन आणि एक रंग दिला होता. निविष्ठा, म्हणजे खतं-औषधं, लाल, डाळ पिवळी, गोदाम निळं, बियाणं हिरवं. आता कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे औषधाच्या प्रत्येक डब्यावर हाच आकार असतो. वरच्या अर्ध्या भागात इशारा, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, सोबत कवटी आणि हाडं. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवासुद्धा विषच, फक्त कमी. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीत झालेल्या विषबाधेनंतर कृषी विभागानं गावोगाव हे रंग समजावून सांगितले. आमच्या भागात ज्यांना अक्षर लागत नाही, त्यांनाही तो चौकोन लागतो. एजन्सीनं नेमके तेच चार रंग, तोच आकार उचलून त्यात डाळ बसवली होती. मुद्दाम नाही. त्यांच्या ऑफिसात औषधाचा डबा नसणार, इतकंच.

मी चौकट काढूनच टाकली. गोल नाही, चौकोन नाही, ढाल नाही. चौकोनात हिरवा ठिपका तर शाकाहाराची खूण म्हणून आधीच पाऊचवर असतो, त्याच्याशीही गल्लत नको होती. रंगांचंही तसंच झालं. भगवा, निळा, हिरवा, आपल्याकडं प्रत्येक रंगाला आधीच मालक आहे. संचालक मंडळात सगळ्या घरांची माणसं, त्यामुळं या चर्चेत कोणी मोकळेपणानं बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. शेवटी ओल्या काळ्या मातीचा गडद तपकिरी आणि तूरडाळीचा पिवळा घेतला. पिवळा फक्त भरायला, रेघ कायम तपकिरी. आणि पिवळा काढून टाकला तरी चिन्ह वाचता आलं पाहिजे, ही अट.

घड्याळावर वर्तमानपत्र

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर गेले, तर ‘वेळ ९ ते ६’ या पाटीवरचं घड्याळ कोणीतरी वर्तमानपत्र चिकटवून झाकलं होतं. आमच्याच एका संचालकांनी. ‘कशाला बोलणं खायचं?’

हसू आलं खरं, पण घरी येताना विचार करत आले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपण चित्र बघून ठरवायला शिकलोय. पाटीवरचं चित्र म्हणजे आधी पक्ष, मग बाकी सगळं. हात, कमळ, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण. बाजार समितीच्या निवडणुकीत पॅनेलला कपबशी, छत्री, पतंग. म्हणजे ‘थांबा’साठी उघडा पंजा नको, ‘पावसापासून जपा’साठी छत्री नको, चहाच्या टपरीकडं दाखवायला कपबशीसुद्धा नको. तराजूही गेला, कारण तो बघून लोक म्हणाले ‘कोर्ट’. त्याच्या जागी आम्ही भुईकाट्यावर चढलेली ट्रॅक्टरची ट्रॉली काढली, बाजूनं दिसणारी. ती एकानंही चुकवली नाही. वेळेसाठी शेवटी चित्रच ठेवलं नाही. ‘९ ते ६’ हे आकडे पुरेसे आहेत. चिन्ह न काढणं हाही निर्णय असतो, पण त्याचे पैसे मागताना जड जातं.

४० चौकटी

आता रेघेकडं येते. सॉफ्टवेअरसाठी चिन्हं काढणारे बहुतेक २४ चौकटींची जाळी घेतात. मीही तशीच सुरुवात केली, पडद्यावर छान दिसली. मग बारदाना, म्हणजे मालाची पोती, छापणाऱ्याकडं गेले. विणलेली प्लास्टिक पोती दोन-अडीच मिलिमीटर रुंद पट्ट्यांची असतात. रबरी ब्लॉकनं त्यावर छापताना शाई पट्टीच्या उंचवट्यावर बसते, खाचेत बसत नाही. एक मिलिमीटरची रेघ तिथं रेघ राहत नाही, तुटक टाके होतात. दोन रेघांत कमी फट असेल, तर शाई पसरून फट बुजते. माझं नाजूक हरभऱ्याचं पान पोत्यावर जळालेल्या पापडासारखं आलं. छापणारे दादा म्हणाले, ‘मॅडम, हे लग्नपत्रिकेवर घ्या.’

दुसरं टोक म्हणजे काट्याची पावती. थर्मल प्रिंटर मिलिमीटरला आठ ठिपके देतो, आणि ठिपका एकतर काळा, नाहीतर नाही. फिकट काही नसतं. दहा मिलिमीटरच्या चिन्हाला ८० ठिपके मिळतात. म्हणून जाळी ४० चौकटींची केली. पावतीवर एक चौकट म्हणजे बरोबर दोन ठिपके, कुठंही अर्धा ठिपका पडून काठ दातरा होत नाही. पोत्यावर चिन्ह ८० मिलिमीटरचं छापायचं ठरलं, तर एक चौकट दोन मिलिमीटरची होते. रेघ तीन चौकटी जाड ठेवली. पोत्यावर सहा मिलिमीटर, म्हणजे दोन पट्ट्यांपेक्षा जास्त, पावतीवर सहा ठिपके. दोन रेघांतली फट कमीत कमी दोन चौकटी. कोपरे एका चौकटीइतके गोल, कारण ब्लॉकचा टोकदार कोपरा लवकर झिजतो.

थोडक्यात, माझ्या रेघेची जाडी बारदान्यानं ठरवली. मी फक्त मान्य केली. जिथं सगळ्यात वाईट छपाई होते तिथून सुरुवात केली, तर मोबाइल, फ्लेक्स, पाऊच यांची काळजी उरत नाही. उलटं केलं, की प्रत्येक ठिकाणी छापणारा आपापल्या सोयीनं चित्र दुरुस्त करतो. फरशीवरची ६१ चित्रं अशीच जमली असणार.

४० चा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. भिंती रंगवणारे एक मामा आहेत, त्यांनी जाळीचा कागद बघितला आणि म्हणाले, ‘हे तर आमचंच काम.’ सुतळीला गेरू लावून, ती भिंतीवर ताणून टपकन सोडायची, आडव्या-उभ्या रेघा उमटतात. एका चौकटीला एक इंच. चाळीस इंचाची ट्रॉली त्यांनी दुपारी जेवायच्या आधी उतरवली, आणि ती माझ्या फाइलशी तंतोतंत जुळली. आधी ते प्रत्येक गावात अंदाजानं काढायचे आणि प्रत्येक गावात ट्रॅक्टर वेगळा व्हायचा.

मजकुराचंही जुळवायला लागलं. चिन्हाशेजारी ‘गोदाम’ लिहिलं, की ओळीची उंची वेलांटी-मात्रांसकट धरायची का नुसत्या अक्षराची? सवयीनं मी पूर्ण उंचीच्या मध्यावर चिन्ह बसवलं, तर ते वर तरंगल्यासारखं दिसायला लागलं. देवनागरीत डोळा शिरोरेखा धरून चालतो. चिन्ह शिरोरेखा आणि अक्षराचा पाया यांच्या मध्यावर बसवलं, तेव्हा ते शब्दाशी बोलायला लागलं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट घेतला, आणि चिन्हाची रेघ शिरोरेखेच्या जाडीला येईल असं वजन निवडलं.

तुरीची शेंग

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तुरीनं. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी ओटल आयशर या जर्मन डिझायनरनी खेळांची चिन्हं काढली, ती आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेघांवर उभी आहेत. आपणही कोन तेवढेच ठेवू, असं मी ठरवलं होतं. ट्रॉली बसली, थप्पी बसली, चाळणी बसली. तुरीची फांदी त्या कोनांत काढली, तर ती जुन्या टीव्हीचा अँटेना दिसायला लागली.

मग शेतात गेले. तूर, सोयाबीन, हरभरा हे तिघं चिन्हात एकमेकांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत, तेही सहा ठिपक्यांच्या रेघेत. तूर आणि सोयाबीन दोघांनाही तीन-तीन पानं, म्हणजे पान मोजून भागत नाही. पण तुरीचं पान भाल्यासारखं निमुळतं, सोयाबीनचं रुंद. तुरीच्या शेंगेला दाण्यांच्या मध्ये तिरप्या खाचा पडतात, सोयाबीनची शेंग आखूड, लवदार, खोडाला झुबक्यानं चिकटलेली. हरभऱ्याला तर शेंग म्हणतच नाहीत, घाटा. फुगीर, टोकाला चोच, एकटा लोंबणारा. सोयाबीनची लव पोत्यावर छापली जाणार नाही, म्हणून झुबका धरला. तुरीच्या तिरप्या खाचा धरल्या. घाट्याची चोच धरली. ४५ अंशांचा हट्ट झाडांपुरता सोडला, पण सगळे बाक दोनच मापांच्या वर्तुळांतून घेतले. नियम मोडायचा असेल, तर तो मोडण्यालाही एक नियम लावून घ्यावा लागतो, हे मला तुरीनं शिकवलं.

सोयाबीनचा हंगाम होता, काट्यावर ट्रॅक्टरची रांग. रांगेतल्या माणसाइतका मोकळा माणूस दुसरा नसतो. चिन्हं एकेका कागदावर, खाली नाव न लिहिता, दाखवत गेले. ‘हे काय?’ एवढंच विचारायचं, आणि गप्प राहायचं. तूर, हरभरा पटकन ओळखले. गोदामाचं पत्र्याचं शेड पहिल्या दिवशी ‘शाळा’ झालं. त्यात पोत्यांची थप्पी दाखवली, तेव्हा गोदाम झालं. माती परीक्षणाच्या परीक्षानळीला एका काकांनी ‘दवाखाना’ म्हणलं, दुसऱ्यांनी ‘रक्त तपासतात की’. तिथं नळी काढली, फावड्यावरची माती आणि कापडी पिशवी आली, कारण नमुना द्यायला लोक तीच घेऊन येतात.

आणि तो थेंब. तो आम्ही फक्त पाण्याला ठेवला. तेलाला घाण्याची लाट, म्हणजे त्यातला लाकडी दांडा. बीजप्रक्रियेची दोन वेगळी चिन्हं झाली. ‘करून पेरा’साठी घमेल्यात बी कालवणारे दोन हात, हातमोज्यांसकट. ‘केलेलं आहे’साठी काठोकाठ भरलेली, तोंड शिवलेली पिशवी, तिच्यात बी गडद रंगाचं, आणि शेजारी खाण्याच्या ताटावर फुली. पाठोपाठ दोन्ही दाखवली, तर कोणी गोंधळलं नाही. हात रिकामे असते तर पक्षाचं चिन्ह झाले असते, घमेल्यानं वाचवलं.

ओलाव्याचा किस्सा राहिलाच. जुन्या चिन्हात थेंबाच्या पोटात ‘१२’ लिहिलेलं होतं. हमीभावानं खरेदीत सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो, म्हणून. मला तो आकडा आवडला होता, मी नव्या चिन्हातही ठेवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारात, भाव त्याच्या खाली, त्यामुळं प्रत्येकाला खरेदी केंद्रावरच माल घालायचा होता. आणि आमच्या पाटीवर १२. दोन दिवस मॅनेजर तोंडी सांगून थकले. आता चिन्हात मॉइश्चर मीटर आहे, आकडा खाली खडूनं लिहितात.

कागद हातात दिल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये २६ चिन्हं दिली. आधीच्या एजन्सीनं ८० पानांची इंग्रजी पुस्तिका दिली होती, ती कपाटात प्लास्टिकसकट होती. मी सातबारासारखी वही केली. एका पानावर एक चिन्ह, त्याला क्रमांक, मराठी नाव, एका ओळीत अर्थ, कुठं वापरायचं नाही, आणि आतापर्यंत कुठं कुठं छापलंय त्याच्या नोंदी. नवीन चिन्ह हवं असेल, तर वहीत पान उघडल्याशिवाय काढायचं नाही. वही महिला गटाच्या हिशेब बघणाऱ्या काकूंकडं ठेवली, मॅनेजरकडं नाही. हिशेबाच्या बाबतीत त्या कोणाचंच ऐकत नाहीत, हे मी आधीच बघितलं होतं.

तरी मे महिन्यात चूक झालीच. पाऊच छापणाऱ्याकडून नमुना आला, त्यात तुरीची शेंग आडवी ताणलेली. जागा रुंद होती, ऑपरेटरनं कोपरा धरून ओढलं आणि बसवलं. तिरप्या खाचा लांबल्या आणि तूर पुन्हा वाटाणा झाली. चूक माझीही होती. मी फाइल कर्व्ह करून, म्हणजे सगळं पक्क्या आकारांत बदलून, दिली होती, पण चिन्हाभोवतीची मोकळी जागा फाइलमध्ये बांधून दिली नव्हती, आणि रुंद जागेसाठी वेगळी फाइलही नव्हती, म्हणून चिन्ह रबरासारखं ओढलं गेलं. आता प्रत्येक फाइलमध्ये चिन्हाबाहेर चार चौकटींची न छापणारी कड आहे, आणि रुंद जागेसाठी शेजारी नाव असलेला आडवा जोड वेगळा काढून दिलाय. ताणायची गरजच राहू नये, हे ‘ताणू नका’ असं लिहिण्यापेक्षा बरं. काकूंनी तो नमुना वहीत तुरीच्या पानावर स्टेपल करून ठेवलाय.

सध्या क्रमांक २७ चं पान उघडलंय. कंपनीनं फवारणीचा ड्रोन घेतलाय, त्याचं चिन्ह हवंय. वरून दिसणारा काढला, चार पंखे, मध्ये टाकी. भिंतीवाले मामा बघून म्हणाले, ‘कोळी हाय का हा?’ बाजूनं काढला, तर काकू म्हणाल्या, पाळणा. पान अजून पेन्सिलीतच आहे.